बोलता बोलता मराठीतून कन्नडात कुठं वळायचं, हे कसं कळतं?

साताऱ्याची_माहेरवाशीण

नमस्कार. माहेर सातारा, लग्न होऊन बेळगावात अनगोळला आले. घरी सगळे मराठीच बोलतात, त्यामुळे सुरुवातीला काही वेगळं वाटलं नाही. पण सासूबाईंचं बोलणं ऐकून एक प्रश्न पडलाय. घरात कुणालाच त्यात विचारण्यासारखं काही वाटत नाही, म्हणून इथं मांडते.

सकाळी दारात भाजीवाली येते, हिरेबागेवाडीकडची. सासूबाई "एष्ट्री?" (कितीला?) म्हणून सुरुवात करतात. भाव कन्नडात, "हत्तु रूपाय् कडिमि माड्री" ही घासाघीसही कन्नडात. मेथीची जुडी उलटी करून बघताना मात्र "आतनं पिवळी पडलीय की ही" हे मराठीत, त्याच बाईसमोर. पैसे देताना परत कन्नड. भाजीवाली निघाली की "उद्या शेपू आणा हं" मराठीत. हे सगळं एवढ्या सहज होतं की मधे कुठं सांधा दिसत नाही.

मी विचारलं, तुम्ही मधेच मराठी का बोललात? तर म्हणाल्या, "मी कन्नडच बोललो की तिच्याशी!" (इथल्या बायका ‘बोलले, जाते’ न म्हणता ‘बोललो, जातो’ म्हणतात, त्याचीही सवय व्हायला वेळ लागला.)

गोकाकला दिलेल्या नणंदेशी फोनवर तर एका वाक्यात दोन्ही भाषा असतात. "अगं ती म्हणाली, ‘नाळी बर्तीनि’ म्हणून, आणि आलीच नाही बघ." ‘उद्या येते’ एवढंच म्हणायचं होतं ना, मग तेवढंच कन्नडात का?

मला खरंच समजून घ्यायचंय. भाषा नेमकी कुठं बदलायची याला काही नियम असतो का, की जीभ वळेल तसं? आणि माझ्यासारखी मोठेपणी शिकणारी बाई हे कधी करू शकेल का?

---

निपाणीकर

वैनी, आमच्या निपाणीत मराठी जास्त, चिकोडी, गोकाककडं जाल तसं कन्नड वाढत जातं. एसटीत बसलं तरी कळतं. आम्ही फार विचार करत नाही. समोरच्याचा पहिला शब्द ज्या भाषेत पडला, त्या भाषेत आपण. त्यानं "बर्री" म्हटलं की कन्नड, "या" म्हटलं की मराठी. अनोळखी माणूस असला तर थोडं थांबायचं, त्याला आधी बोलू द्यायचं. बाकी नियम वगैरे मला माहीत नाहीत.

तुम्हाला जमेल. माझी आई कोकणातली, तिला जमलं.

---

अर्जवाले_काका

ताई, तुमच्या सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. आपण भाषा बदलली हे बोलणाऱ्याला बहुतेक वेळा जाणवतच नाही. ऐकणाऱ्याला जाणवतं, तेही तो तुमच्यासारखा बाहेरून आलेला असेल तर.

मी बेळगावात कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देतो. वडीलही हेच करायचे. माणूस येतो, आपली हकीकत सांगतो, आणि मी ती कन्नडात कागदावर उतरवतो, कारण अर्ज कन्नडात जातो. त्यात आमच्या भागाची आणखी एक गोष्ट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे एकाच जमिनीच्या पिशवीतून आजोबांच्या वेळचा मोडीतला कागद निघतो, पुढचा मराठीत आणि अलीकडचा उतारा कन्नडात. माणूसही तसाच बोलतो. हकीकत सांगताना तो कुठं भाषा बदलतो इकडं माझा कान लागलेला असतो. ती जागा सुटली तर अर्जाचा अर्थ बदलतो, म्हणून हे मी जीव लावून ऐकतो.

नणंदेशी फोनवर बोललेल्या त्या वाक्यापासून सुरू करतो. ‘नाळी बर्तीनि’ हे तुमच्या सासूबाईंचं बोलणंच नाही, ते त्या न आलेल्या बाईचं आहे. दुसऱ्याचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडानं सांगायचं, ही आमच्याकडची पद्धत. आता हेच बांधाच्या भांडणात बघा. येळ्ळूरकडचा शेतकरी सगळं मराठीत सांगत असतो आणि मधेच म्हणतो, "मी नांगर फिरवलो, तर त्यो ‘ई कड बरब्याड’ म्हणाला मला." इकडं येऊ नकोस. तिथं मी पेन थांबवतो. शेजाऱ्याचं हेच वाक्य पुढं साहेबांसमोर विचारलं जाणार आहे.

पण इथं एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. भाषा बदलली म्हणजे शब्द जसेच्या तसे आले, असं नसतं. कित्येकदा धमकी देणारा मराठीतच बोललेला असतो, पण सांगणारा ती कन्नडात सांगतो. का, तर कन्नडात सांगितलं की ती कचेरीतल्या माणसाच्या आवाजात येते, वजनदार होते, परकी होते. उलटही असतं. कित्तूरकडचा माणूस सगळं कन्नडात सांगेल आणि शिवी तेवढी मराठीत. म्हणून मी नेहमी विचारतो, "तो खरंच याच भाषेत बोलला का?" पुष्कळ जण थांबतात, आठवतात आणि सांगतात, "नाही, मराठीतच म्हणाला, पण म्हणाला मात्र असंच." म्हणजे सांगणाऱ्यानं भाषा बदलून ‘हे माझं नव्हे, त्याचं’ अशी खूण केलेली असते.

दुसरी जागा माणसामाणसातल्या अंतराची. वाटणीसाठी दोघे भाऊ येतात. माझ्याशी कन्नडात, कारण काम कन्नडातलं. आपसात मराठीत. बोलणं चालू असताना धाकटा अचानक सख्ख्या भावाशी कन्नडात बोलायला लागला, की मी समजतो, आज हा कागद होत नाही. त्यानं भावाला माझ्या बाजूला, कचेरीच्या बाजूला बसवलं. याच्या बरोबर उलट मी खिडकीवर पाहिलंय. कारकून नाकासमोर बघून कन्नडात उत्तरं देत असतो. समोरची म्हातारी दमलेली दिसली, तिचा आवाज कापायला लागला, की तोच म्हणतो, "आजी, बसा तिथं जरा, मी बोलावतो." त्या एका वाक्यापुरता तो कचेरीतला राहत नाही. ही अशी वाक्यं ऐकली की मला बरं वाटतं, आणि दुसऱ्याला सांगावीशी वाटतात.

तिसरी जागा आकड्यांची. माणूस ज्या शाळेत पाढे शिकला त्या भाषेत मोजतो, मग आयुष्यभर काहीही बोलो. मी गुंठे-आणे कन्नडात लिहितो, पण गुणाकार ओठातल्या ओठात मराठी पाढ्यानंच होतो. आपल्याकडं पंचवीस म्हणताना पाच आधी, वीस मागनं. कन्नडात इप्पत्तैदु, वीस आधी, पाच मागनं. एका भाषेत ऐकून दुसऱ्या भाषेत लिहिताना पंचवीसचे बावन्न व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे सर्व्हे नंबर मी एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवतो. तुमच्या सासूबाई भाव कन्नडात करतात तो त्यामुळंच. भाजीवालीची मोजणी कन्नडात चाललेली असते, तिथं भाषा बदलली तर व्यवहारात घोटाळा.

आणि ती मेथी! "आतनं पिवळी पडलीय की ही" हे त्या अर्धं स्वतःशी बोलल्या. स्वतःशी बोलणं घरच्या भाषेत होतं. पण भाजीवालीला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं बोलल्या ना? म्हणजे तक्रार तिच्या तोंडावर केली नाही आणि केलीही. ही फार जुनी रीत आहे, आणि भाजीवालीलाही ती पक्की माहीत असते.

निपाणीकरांचा ‘पहिला शब्द’ दुकानात, बसमध्ये चालतो. ओळखीच्या माणसांत पुरत नाही.

---

खानापूरची_विद्यार्थिनी

काकांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. मी धारवाडला भाषाविज्ञान शिकते आणि हाच माझ्या आवडीचा विषय आहे.

साताऱ्याच्या ताई, नियम असतो का, याचं उत्तर ‘हो’ आहे. शाना पॉपलॅक या संशोधक बाईंनी न्यू यॉर्कमधल्या पोर्तो रिकोच्या वस्तीतल्या २० माणसांच्या बोलण्याचा अभ्यास केला. स्पॅनिश आणि इंग्रजी मिसळून बोलणारी माणसं. १९८० साली त्यांनी निष्कर्ष मांडले. त्यांच्याकडं भाषा बदलण्याच्या १,८३५ जागा जमल्या होत्या आणि त्यांत व्याकरण मोडल्याची उदाहरणं जवळजवळ नव्हती. दोन्ही भाषांचा शब्दक्रम जिथं जुळतो तिथंच लोक वळत होते. दुसरा निष्कर्ष मला जास्त आवडतो. वाक्याच्या मधोमध भाषा बदलणारे लोक हे दोन्ही भाषा उत्तम येणारे होते. ज्यांना एक भाषा कमी यायची, ते वाक्य संपल्यावर किंवा एखादा ठरलेला शब्द टाकून बदलत. ‘धड ही नाही, धड ती नाही, म्हणून मिसळतात’ असं आपल्याकडं पाहुण्यांसमोर मुलांना ऐकवतात, ते किती चुकीचं आहे ते यावरून कळावं.

आता मराठी-कन्नड बघा. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम दोन्हीकडं सारखा. प्रत्यय दोन्हीकडं नामाच्या मागं. ‘मला भूक लागलीय’ आणि ‘नन्ग हसिव आगेती’, दोन्हीकडं भूक ‘मला’ लागते. ‘नाळी बर्तीनि म्हणून’ यातल्या ‘म्हणून’च्या जागी कन्नडात ‘अंत’ येतं, आणि तेही बोललेलं वाक्य संपल्यावरच. त्यामुळे तुमच्या सासूबाई आत कन्नड वाक्य ठेवून बाहेरून मराठी ‘म्हणून’ लावू शकतात, कुठं काही अडत नाही. इंग्रजी शब्दही दोन्हीकडं एकाच दारानं येतात. आपण ‘फोन करतो’, ते ‘फोन माडतात’. आपण म्हणतो ‘टेन्शन घेऊ नको’, ते म्हणतात ‘टेन्शन तगोब्याड’.

या सारखेपणात शेजाराचाही वाटा असतो. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडवर लिहिलेला लेख जगभर शिकवला जातो. गावात मराठी, कन्नड, उर्दू. घरी ज्याची त्याची भाषा, शेतात आणि बाजारात दुसऱ्याची. अनेक पिढ्या असं चालल्यावर तिन्ही भाषांचे शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची बांधणी जवळजवळ एक झाली. ‘पाला जरा कापून घेऊन आलो’ हे वाक्य तिन्ही भाषांत त्याच क्रमानं, तुकड्याला तुकडा लावून म्हणता येत होतं. आपल्या घराजवळचं उदाहरण जगाच्या वर्गात शिकवतात याचा मला खूप अभिमान वाटतो.

बायकांच्या ‘मी जातो’बद्दल माझं मत सांगते. कन्नडात ‘होगतीनि’ बाई म्हणाली काय आणि पुरुष म्हणाला काय, क्रियापद तेच. ‘मी’बरोबर लिंग दिसतच नाही. इथल्या मराठीनंही ते सोडलं असावं. माझी आजी, आई, मी, आम्ही सगळ्या ‘जातो’च म्हणतो. पुण्यात हसतात, पण मी घरी ते बदलणार नाही.

काकांच्या आकड्यांना जोडून एक. १९९९ साली म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी लोकांना समोर आलेले आकडे कधी या, कधी त्या भाषेत म्हणायला लावले. पक्क्या भाषेतून कच्च्या भाषेत जाताना कमी वेळ लागला, कच्चीतून पक्कीत परतताना जास्त. कच्ची भाषा बोलताना पक्की दाबून धरावी लागते, ती पुन्हा मोकळी व्हायला वेळ लागतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. पण तिथं भाषा प्रयोग करणारा ठरवत होता. भाजी घेताना आपण ठरवतो, तेव्हा एवढं जड जात नाही.

---

गोकाकचा_कापडवाला

माझी मातृभाषा कन्नड. बेळगावच्या शहापुरात साडीच्या दुकानात उभा असतो, मराठी तिथंच कानानं शिकलो. वाचायला आधी दुकानांच्या पाट्या, मग पेपर.

आमच्या बाजूचं सांगतो. कन्नडात माणसाला तो आणि ती, बाकी सगळ्या वस्तूंना ‘ते’. मराठीत रंग ‘तो’, साडी ‘ती’, कापड ‘ते’. हे पाठच करावं लागतं. मराठी बोलताना लिंग अडलं की मी पुढचं वाक्य कन्नडात काढतो. विद्यार्थिनी ताई म्हणतात ते उत्तम येणाऱ्यांचं झालं. आमच्यासारखे अडले म्हणूनही वळतात, तेही लिहायला पाहिजे.

दुसरं, मराठी बाई मोडक्या कन्नडात "इदु एष्ट्री?" म्हणून सुरुवात करते. मला मराठी येतं. तरी मी लगेच मराठीत येत नाही. ती प्रयत्न करतेय, मी मराठीत उत्तर दिलं तर ‘तुमचं कन्नड राहू दे’ असं म्हटल्यासारखं होतं. दोन-तीन वाक्यं कन्नडात सोपी सोपी करून बोलतो. ती स्वतः मराठीत आली की मग मी येतो. दुकानातल्या नव्या पोरांना मी हे आधी सांगतो, घडी घालायची नंतर शिकवतो. गिऱ्हाईक भाषेवरून दुखावलं तर परत येत नाही. आमच्या गावांत भाषेवरून आधीच किती ओरडून झालंय, काउंटरवर तरी कुणाला तसं वाटू नये.

माझ्या आईला मराठी येत नाही. पण सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूर, सांगलीच्या बायका भेटतात, त्यांच्याशी ती तासभर बोलते. ती कन्नड, त्या मराठी. कुणीच वळत नाही आणि सगळं कळतं. याला तुमच्या शास्त्रात काय म्हणतात?

---

खानापूरची_विद्यार्थिनी

दादा, अडल्यावर वळण्याचं तुमचं बरोबर आहे, मी ते सोडायला नको होतं. आणि तुमच्या आईचं उदाहरण फार मोलाचं. प्रत्येकानं आपली भाषा बोलायची आणि दुसऱ्याची फक्त समजून घ्यायची, असं जगात पुष्कळ ठिकाणी चालतं. बोलता येण्याआधी समजायला लागतं, त्यामुळे ते शक्य होतं.

---

साताऱ्याची_माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘स्वतःशी बोलणं घरच्या भाषेत’ हे वाचून आज सासूबाईंच्या बोलण्यावर मुद्दाम लक्ष ठेवलं. पोळी करपली तेव्हा मराठी, रेडिओ बंद पडला तेव्हा मराठी, मांजर ओट्यावर चढलं तेव्हा मात्र कन्नड! काका, हे कसं? आणि शिकायला सुरुवात कुठून करू? मला थेट असं मिसळून बोलायला शिकायचंय.

---

अर्जवाले_काका

मांजराचं सोपं आहे. सासूबाईंचं माहेर कुठलं विचारा. लहानपणी आजूबाजूला गुरामांजरांना ज्या भाषेत हाकलताना ऐकलं, ती तोंडात बसते. माझ्या ओळखीचे एक जण घरात शुद्ध मराठी बोलतात आणि बैलांशी नुसतं कन्नड.

शिकण्याचं म्हणाल तर मिसळायला शिकू नका. ते वेगळं शिकवता येत नाही. आधी कन्नड शिका, मिसळणं नंतर तुम्हाला न विचारता येईल. सुरुवात आकड्यांपासून करा. शंभरापर्यंतचे आकडे पाठ करा, दशकाचा भाग आधी म्हणायची जिभेला सवय लावा. मग रोजची पाच-सहा वाक्यं. "ऊट आत्री?" जेवण झालं का. "कुंद्री", बसा. "ब्याड्री", नको. "तगोर्री", घ्या. शेवटी ‘री’ सोडू नका, तो आदर आहे. लहान मुलगा सोडला तर कुणालाही लावा, जास्त झाला तरी बिघडत नाही. निघताना "बर्तीन्री" म्हणा. आपण जाताना ‘येतो’ म्हणतो, तेही तेच म्हणतात, त्यामुळे हे तुम्हाला लगेच जवळचं वाटेल.

आणि बोलायला लागण्याआधी महिनोन् महिने नुसतं कळू लागेल, तो काळ वाया जातोय असं समजू नका. गोकाकच्या दादांची आई तेवढ्यावर तासभर बोलते.

कापडवाले दादा, तुम्ही दुकानातल्या पोरांना सांगता ते मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलालाही सांगणार आहे. अर्ज लिहायला आलेला माणूस मोडक्या कन्नडात सुरुवात करतो, कारण त्याला वाटतं इथं तेच लागतं. त्याला किती वेळ बोलू द्यायचं आणि ‘मराठीत सांगा, मी लिहितो’ कधी म्हणायचं, हे मी आजवर अंदाजानं करत आलो. तुमची ‘तो स्वतः वळेपर्यंत’ ही खूण चांगली आहे. फक्त म्हातारी माणसं असली तर मी तेवढं थांबणार नाही, त्यांना आधीच मराठीत विचारीन.

खानापूरच्या ताई, कुपवाडवरचा तो लेख धारवाडच्या लायब्ररीत आहे का? इंग्रजीत असला तरी चालेल, पुतण्याकडून वाचून घेईन. झेरॉक्सचा खर्च देतो. माझी आत्या कुपवाडात दिली होती आणि लहानपणी सुट्टीत तिकडं गेल्यावर शेजारच्या तिन्ही घरांत जेवलोय. त्या गल्लीतलं बोलणं कागदावर कसं उतरवलंय ते मला बघायचंच आहे.